घटक ५ : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर – विद्यापीठ आणि समाज

उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

- कार्व्हर यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
- जमिनीचा कस, वंशभेद आणि सार्वजनिक आरोग्य या तीन प्रश्नांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
- शिक्षणसंस्था आणि भोवतालचा समाज यांच्यातील नात्याची चिकित्सा करता येईल.

५.१ प्रास्ताविक

मराठी वाचकाला कार्व्हर हे नाव परके नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील अनेक घरांत ते वाचले गेले. गुलामीत जन्मलेला, पोरका झालेला आणि पुढे थोर संशोधक बनलेला माणूस, अशी त्यांची ओळख आपल्या मनात असते. ही ओळख खरी आहे. मात्र ती पुरेशी नाही. कार्व्हर यांनी जे संशोधन केले ते कोणासाठी केले, ते लोकांपर्यंत कसे नेले आणि त्या वाटेत कोणते अडथळे होते, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मोल ध्यानात येत नाही. प्रस्तुत घटकात आपण याच अंगाने त्यांच्या जीवनाचा विचार करणार आहोत.

५.२ जन्म आणि बालपण

कार्व्हर यांची जन्मतारीख निश्चित सांगता येत नाही. गुलामांच्या मुलांची नोंद मालमत्तेच्या हिशेबात होई; जन्मनोंदीची गरज कोणाला भासत नसे. १८६४ च्या सुमारास, अमेरिकेतील यादवी युद्ध संपत आलेले असताना, मिसुरी राज्यातील डायमंड या गावाजवळ मोझेस कार्व्हर यांच्या शेतावर त्यांचा जन्म झाला. त्यांची आई मेरी ही मोझेस यांनी विकत घेतलेली गुलाम होती. जॉर्ज तान्हे असताना लुटारूंच्या टोळीने मायलेकरांना पळवून नेले. मोझेस यांनी पाठवलेल्या माणसाने एक घोडा देऊन मूल सोडवून आणले, असे सांगितले जाते. आईचा मात्र पुढे कधीही ठावठिकाणा लागला नाही.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मोझेस आणि त्यांची पत्नी सुझन यांनी जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम यांना घरीच वाढवले. जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. शेतातील जड कामे त्याला झेपत नसत, म्हणून सुझनबाईंच्या हाताखाली तो स्वयंपाक, शिवण आणि धुणे शिकला. उरलेला वेळ तो रानात घालवी. सुकू लागलेली झाडे त्याच्या देखरेखीखाली पुन्हा जोम धरत, म्हणून शेजारीपाजारी त्याला झाडांचा वैद्य समजू लागले.

गावातील शाळा गोऱ्यांची होती. तेथे त्याला प्रवेश नव्हता. शिकायचे तर नीओशो या गावी कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या शाळेत जाणे भाग होते. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याने घर सोडले. नीओशोत मारिया वॉटकिन्स या सुईणीच्या घरी त्याला आसरा मिळाला. वनस्पतींच्या औषधी उपयोगांची जाण असलेली ही बाई त्याची एका अर्थाने पहिली गुरू होती. पुढे त्यांच्या ज्ञानात पुस्तकाइतकेच लोकांजवळच्या अनुभवालाही स्थान राहिले, त्याचे बीज येथे दिसते.

५.३ शिक्षणासाठी भटकंती

यानंतरची सुमारे दहा वर्षे कॅन्सस राज्यात गेली. धुणी धुऊन, स्वयंपाक करून जॉर्ज आपला खर्च भागवी आणि मिळेल तेथे शाळेत जाई. १८७९ मध्ये फोर्ट स्कॉट या गावी जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाची केलेली हत्या त्याने पाहिली आणि ते गाव सोडले. त्या रात्रीची आठवण त्यांना म्हातारपणीही छळत असे. हायलँड येथील महाविद्यालयाने पत्राद्वारे त्याला प्रवेश कळवला; परंतु तो प्रत्यक्ष दारात उभा राहिल्यावर त्याचा वर्ण पाहून प्रवेश नाकारला.

अखेर १८९० मध्ये आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयाने त्यांना स्वीकारले. तेथे ते चित्रकला आणि संगीत शिकत होते. त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांना या विद्यार्थ्याची वनस्पतींची ओढ जाणवली. कृष्णवर्णीय माणसाला चित्रकलेवर पोट भरणे अवघड जाईल, हेही त्या जाणून होत्या. त्यांच्याच सल्ल्यावरून १८९१ मध्ये कार्व्हर एम्स येथील कृषिमहाविद्यालयात दाखल झाले. ते तेथील पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. सुरुवातीला त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसू दिले जात नसे. तळघरात जेवावे लागे. अशा परिस्थितीत त्यांनी १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली, वनस्पतींवरील बुरशीच्या अभ्यासात नाव कमावले आणि त्याच संस्थेत अध्यापनही केले.

एम्स येथे त्यांच्यापुढे स्थिर आयुष्य होते. प्रयोगशाळा होती, सहकाऱ्यांचा आदर होता. याच वेळी अलाबामा राज्यातील टस्कीगी येथून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. स्वतः गुलामीत जन्मलेल्या वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून कृष्णवर्णीयांसाठी ही शिक्षणसंस्था चालवली होती. कार्व्हर यांनी निमंत्रण स्वीकारले आणि १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये ते टस्कीगीला पोहोचले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळे ठेवण्याच्या कायद्यांना मान्यता दिली होती. मोकळ्या वातावरणातून अधिक कठोर बंधनांच्या प्रदेशात ते स्वेच्छेने गेले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

५.४ कापूस, कर्ज आणि आजार

टस्कीगीच्या आसपासची स्थिती समजून घेतल्याखेरीज कार्व्हर यांचे कार्य समजणार नाही. गुलामगिरी संपली होती, पण जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली होती. कृष्णवर्णीय कुटुंबे वाट्याने शेती करत. बियाणे, अवजारे, वर्षभराचे धान्य हे सारे मालकाकडून किंवा दुकानदाराकडून उधारीवर घ्यायचे आणि पीक आले की फेडायचे, अशी रीत होती. व्याज जबर असे आणि हिशेबाची वही धनकोच्या हाती. उधारी देणाऱ्याला बाजारात हमखास विकला जाणारा माल हवा असे. त्यामुळे दरवर्षी कापूसच लावावा लागे, अगदी घराच्या भिंतीपर्यंत.

एकाच पिकाने जमिनीतील नत्र संपत गेले. उघड्या रानावरची माती पावसाने वाहून गेली. उत्पन्न घटले की कर्ज वाढे आणि कर्ज वाढले की पुन्हा कापूसच. भाजीपाल्याला जागा न उरल्याने मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी हाच बहुतेकांचा आहार झाला. या आहारातून पेलाग्रा नावाचा रोग दक्षिणेत मोठ्या प्रमाणावर पसरला. त्वचा सोलवटणे, अतिसार, बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू असा त्याचा क्रम असे. हा रोग आहारातील उणिवेमुळे होतो, हे जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी वैद्यकाने १९१४ नंतरच्या संशोधनातून दाखवून दिले.

मातीचा कस, माणसाचे आरोग्य आणि वंशावर आधारलेली अर्थव्यवस्था या तिन्ही गोष्टी येथे एकाच गाठीत बांधलेल्या होत्या. कार्व्हर यांनी ही गाठ मातीच्या बाजूने सोडवायला घेतली.

५.५ प्रयोगशाळा आणि प्रयोगशेत

टस्कीगीत त्यांना प्रयोगशाळा मिळाली नाही. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उकिरड्यांवरून बाटल्या, डबे, तारा गोळा केल्या आणि त्यांतून उपकरणे बनवली. निधीची विषमता तर उघडच होती. १८८७ च्या कायद्यानुसार प्रत्येक राज्याला कृषिसंशोधनासाठी केंद्राकडून दरवर्षी १५,००० डॉलर मिळत. अलाबामात हा पैसा गोऱ्यांच्या महाविद्यालयाकडे जाई. टस्कीगीच्या प्रयोगकेंद्रासाठी राज्याने १८९७ मध्ये वर्षाला १५०० डॉलर मंजूर केले. कमी साधनांत राबणाऱ्या शेतकऱ्याची अडचण कार्व्हर यांना वेगळी समजावून घ्यावी लागली नाही. त्यांचे केंद्रही त्याच अडचणीत होते.

म्हणून त्यांनी प्रयोगांसाठी एक अट घालून घेतली : ज्याच्याकडे एक बैल आणि दोन हात आहेत त्याला जे करता येईल, तेच करून पाहायचे. विकतच्या खतांऐवजी त्यांनी जंगलातील पालापाचोळा, दलदलीतील गाळ आणि शेण यांचा वापर केला. चवळी आणि भुईमूग यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठवणारे सूक्ष्म जीव असतात, हे युरोपातील शास्त्रज्ञांनी नुकतेच सिद्ध केले होते. या शोधाचा लाभ कर्जबाजारी शेतकऱ्याला व्हावा म्हणून त्यांनी कापसाबरोबर या पिकांचा फेरपालट करून दाखवला. रताळ्यांवरही त्यांनी पुष्कळ काम केले. काही वर्षांत ते पडीक प्रयोगशेत चांगले पिकू लागले.

पुढे १९१० च्या सुमारास बोंडे पोखरणारा भुंगा अलाबामात पोहोचला आणि कापसाची शेते उद्ध्वस्त झाली. तेव्हा भुईमुगाकडे वळणाऱ्यांना आधार देणारी माहिती टस्कीगीत आधीपासून तयार होती.

५.६ गावाकडे निघालेले विद्यापीठ

ज्ञान तयार होते. ते पोहोचवायचे कसे, हा खरा प्रश्न होता. शेतकऱ्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते. कार्व्हर यांनी यासाठी तीन मार्ग अवलंबले.

पहिला मार्ग मेळाव्यांचा. वॉशिंग्टन यांनी १८९२ पासून वार्षिक शेतकरी परिषद भरवायला सुरुवात केली होती. त्याला जोडून कार्व्हर यांनी १८९७ पासून दरमहा मेळावे घेतले. शेतकरी आपला माल, आपली माती, आपली रोगट झाडे घेऊन येत आणि त्यावर चर्चा होई.

दुसरा मार्ग पुस्तिकांचा. १८९८ पासून त्यांच्या हयातीत प्रयोगकेंद्राने चाळीसहून अधिक पुस्तिका काढल्या. त्यांची भाषा सोपी असे. पहिल्या पुस्तिकेत ओकच्या फळांचा जनावरांना चारा म्हणून उपयोग सांगितला होता. म्हणजे आरंभच फुकट मिळणाऱ्या वस्तूपासून झाला. १९१६ च्या प्रसिद्ध पुस्तिकेत भुईमुगाची लागवड आणि त्यापासून खाण्याचे १०५ प्रकार दिले होते. कापसाखेरीज दुसरे पीक घेतले तर त्याचे करायचे काय, या गृहिणीच्या आणि शेतकऱ्याच्या रास्त प्रश्नाचे ते उत्तर होते. भुईमुगात पेलाग्राला रोखणारे नायसिन हे जीवनसत्त्व विपुल असते. त्याचा त्या रोगाशी असलेला संबंध १९३७ मध्ये स्पष्ट झाला; टस्कीगीच्या भोवतालच्या घरांत भुईमूग त्याआधीच पोहोचला होता.

तिसरा मार्ग सर्वांत महत्त्वाचा. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे आपण जावे, या विचाराने कार्व्हर आरंभी सुटीच्या दिवशी घोडागाडीतून गावोगाव फिरत. १९०६ मध्ये न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून खास गाडी तयार झाली. तिची रचना कार्व्हर यांनी ठरवली. खेचरे जुंपलेल्या या गाडीत नांगर, बियाणे, लोणी काढण्याची यंत्रे असत. गाडी एखाद्या शेताच्या बांधावर थांबे, आजूबाजूचे लोक जमत आणि त्याच शेतात प्रात्यक्षिक होई. त्याच वर्षी टॉमस कॅम्बेल या टस्कीगीच्या विद्यार्थ्याची केंद्रीय कृषिखात्याने विस्तारकार्यासाठी नेमणूक केली. अशा पदावर नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत.

हे कार्य हळूहळू शेतीपलीकडे गेले. १९१५ मध्ये वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीयांसाठी राष्ट्रीय आरोग्य सप्ताह सुरू केला. १९२० मध्ये फिरत्या शाळेबरोबर परिचारिका जाऊ लागली. १९२३ मध्ये शेतकऱ्यांच्या वर्गणीतून नवी मोटारगाडी घेण्यात आली. विहिरीची स्वच्छता, शौचकूप, बाळंतिणीची काळजी, दारे-खिडक्यांना जाळ्या लावणे हे विषय आता नांगरटीच्या जोडीला आले. स्थानिक रंगीत मातीपासून घराच्या भिंतींना देण्याचा स्वस्त रंग कार्व्हर यांनी शोधला होता, तोही या चळवळीस पूरक ठरला.

५.७ कीर्ती आणि तिच्या मर्यादा

१९२१ मध्ये भुईमुगावरील आयातकराच्या प्रश्नावर कार्व्हर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. मोजकीच मिनिटे मिळालेल्या त्यांना सभासदांनी वेळ वाढवून दिला. या प्रसंगानंतर त्यांचे नाव देशभर झाले. १९२३ मध्ये त्यांना स्पिंगार्न पदक मिळाले. त्यांनी आपले बहुतेक शोध लोकांसाठी खुले ठेवले. त्यांच्या नावावर केवळ तीन पेटंटे आहेत. उत्तरायुष्यात आपली सुमारे ६०,००० डॉलरची बचत त्यांनी संशोधनासाठी दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांचे दफन करण्यात आले.

चरित्राचा अभ्यासक म्हणून आपण आख्यायिका आणि वस्तुस्थिती यांत फरक केला पाहिजे. भुईमुगाचे लोणी त्यांनी शोधले ही समजूत चुकीची आहे. त्यांनी सुचवलेल्या शेकडो पदार्थांपैकी बाजारात टिकले ते थोडेच. ते व्यवस्थापनात कच्चे होते आणि त्यावरून वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे वारंवार खटके उडत. वंशभेदाविरुद्ध त्यांनी उघड लढा दिला नाही, अशीही टीका झाली. राजकीय हक्कांचा आग्रह धरणाऱ्या डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांचे टस्कीगीच्या एकूण धोरणाशी तीव्र मतभेद होते. जमीन सुपीक झाली तरी ती कसणाऱ्याच्या मालकीची होत नाही आणि मताच्या अधिकाराशिवाय हिशेबाची वही बदलत नाही, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. कार्व्हर यांनी भूक कमी करण्याची वाट दाखवली. अन्यायाचे मूळ त्यांच्या कार्यकक्षेबाहेर राहिले.

५.८ विश्वासाची कसोटी

१९३० नंतरच्या दशकात पोलिओने अधू झालेली मुले घेऊन पालक कार्व्हर यांच्याकडे येऊ लागले. ते भुईमुगाच्या तेलाने मालीश करत. काहींना आराम पडला. तो तेलापेक्षा मालिशीमुळे पडला असावा, असे पुढे मानले गेले. १९४१ मध्ये टस्कीगी येथे कृष्णवर्णीय पोलिओग्रस्तांसाठी उपचारकेंद्र उघडले, कारण गोऱ्यांच्या केंद्रांचे दरवाजे त्यांना बंद होते.

त्याच टस्कीगीत, त्याच काळात, दुसरी एक घटना चालू होती. १९३२ मध्ये अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने परिसरातील सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंश रोगाचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जण रोगग्रस्त होते. त्यांना आपल्या रोगाचे खरे नाव सांगितले गेले नाही. पेनिसिलिनचे औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना मिळू दिले नाही. वृत्तपत्रांनी हे उघडकीस आणले ते १९७२ मध्ये, म्हणजे ४० वर्षांनी. कार्व्हर यांचा या अभ्यासाशी संबंध नव्हता. परंतु संस्थेच्या रुग्णालयाचा वापर झाला आणि पूर्वी फिरत्या शाळेबरोबर गावोगाव हिंडलेल्या एका परिचारिकेवर या माणसांना अभ्यासात टिकवून ठेवण्याचे काम सोपवले गेले. टस्कीगीहून येणारे लोक आपल्या भल्यासाठी येतात, असा जो विश्वास कित्येक वर्षांत निर्माण झाला होता, तोच येथे वापरला गेला.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे कार्व्हर यांच्या जीवनाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. विद्यापीठाने लोकांत जावे, एवढे म्हणणे पुरेसे नाही. ते तेथे देण्यासाठी जाते की घेण्यासाठी, आणि लोकांना सारे सांगून जाते की लपवून, यावर त्या जाण्याचे मूल्य ठरते. कार्व्हर शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून जे करत, ते त्याच्या डोळ्यांदेखत करत. तो स्वतः ते तपासून पाहू शकत असे.

५.९ समारोप

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, तेव्हा कार्व्हर हे मिसुरीतील एका शेतावर वाढणारे नऊ-दहा वर्षांचे मूल होते. दोन दूरच्या समाजांतील वेदना जोडून पाहण्याची दृष्टी मराठी विचारविश्वात तेव्हापासून आहे. कार्व्हर यांचे चरित्र आपणांस जवळचे वाटते, त्यामागे ही परंपरा असावी.

मित्रहो, आपणही नोकरी, शेती, घर सांभाळून हा अभ्यास करत आहात. ज्याला शाळेच्या दारापर्यंत जाता येत नाही त्याच्या दारापर्यंत शिक्षणाने जावे, या तत्त्वावरच हे पुस्तक आपल्या हाती आले आहे. आपण जे शिकाल ते आपल्या गावात, वस्तीत कोणाच्या उपयोगी पडेल, हा प्रश्न म्हणूनच केवळ कार्व्हर यांच्या पिढीपुरता उरत नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. वाट्याची शेती, एकाच पिकाची सक्ती आणि पेलाग्रा यांचा संबंध सोदाहरण स्पष्ट करा.

२. फिरत्या शाळेच्या कार्यात १९०६ ते १९२३ या काळात कोणते बदल झाले, ते लिहा.

३. कार्व्हर यांच्यावरील टीकेविषयी आपले मत सकारण मांडा.

४. उपक्रम : आपल्या परिसरात एखाद्या शिक्षणसंस्थेने केलेल्या आरोग्यविषयक किंवा शेतीविषयक कामाची माहिती मिळवा. त्या कामाविषयी तेथील लोकांना काय वाटते, ते त्यांच्याशी बोलून १५ ते २० ओळींत नोंदवा.